शेती-सल्ला : निरोप्या पारखून घ्यावा



जमिनीतली ओल, हवेतला दमटपणा आणि पानांवरचा ओलावा मोजणारी बॅटरीवरची छोटी यंत्रे आता बागांत येऊ लागली आहेत. २००० नंतरच्या दशकात मुंबईच्या आय. आय. टी.ने नाशिकच्या सुला द्राक्षबागेत ‘अ‍ॅग्रीसेन्स’ नावाने असा प्रयोग केला. पान किती वेळ ओले राहिले हे कळले, की केवड्याचा धोका आधी ओळखता येतो आणि फवारणी वेळेवर होते.

आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवडकडे चिकूच्या दाट वाड्या. या यंत्रांची बिनतारी लहर लांब जात नाही आणि ओली पाने ती आणखी अडवतात. म्हणून एक यंत्र दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला अशी बातमी पोचवते. बोईसरच्या बाजारातून आडबाजूच्या पाड्यावर निरोप धाडावा, तशीच ही रीत.

मधल्याने निरोप गिळला तर? कधी यंत्र बिघडते, कधी बॅटरी उतरते. कधी कोणी खोडसाळ यंत्र घुसवतो. ते “जवळची वाट माझीच” असे खोटे सांगून सगळे निरोप स्वतःकडे ओढते व फेकून देते. बातमीला गुप्त लिपीचे कुलूप घातले, तरी फेकणे थांबत नाही.

यावरचा उपाय गावच्या रीतीचाच आहे. प्रत्येक यंत्र शेजाऱ्यावर कान ठेवते. दिलेला निरोप त्याने पुढे धाडला, तर त्याची पत हळूहळू चढते. गिळला तर झपाट्याने उतरते. पुढचे निरोप पतवाल्या वाटेने जातात. मात्र एका चुकीवरून कुणाला बाद करीत नाहीत, कारण पावसात चांगल्याचाही निरोप हरवतो. शेजाऱ्याची चहाडी आली, तर चहाडी करणाऱ्याचीही पत पाहतात. सगळा भार एकाच पतवाल्यावर टाकीत नाहीत, नाहीतर त्याची बॅटरी लवकर संपते.

एक गोष्ट विसरू नका. ही पत निरोप्याची आहे, आकड्याची नव्हे. मातीत नीट न बसलेले यंत्र चुकीचा आकडा देईल आणि तो प्रामाणिकपणे पोचेल!

म्हणून यंत्र घेताना विचारा : एक बंद पडले तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो का? गप्प झालेले यंत्र कोणते, ते दिसते का? आणि आठवड्यातून एकदा घरातल्या कोणीतरी वाडीत जाऊन मूठभर माती दाबून पाहावी. यंत्र म्हणते ‘ओल आहे’ आणि माती भुरभुरते, तर मातीवर विश्वास ठेवा.