केळ्यातले डोपामिन आणि मनाचा आजार

‘रोज केळी खा, डोपामिन वाढेल, नैराश्य पळेल’ असे संदेश मोबाईलवर फिरत असतात. रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला ते वाचून बरे वाटणारच. केळ्यात डोपामिन असते हे खरेच आहे. गरापेक्षा सालीत जास्त. पण ते मेंदूत पोहोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो, तो डोपामिनला आत सोडत नाही. मेंदू आपले डोपामिन स्वतःच, टायरोसिन या अमिनो आम्लापासून तयार करतो.

मग आतड्यातल्या जिवाणूंचा मेंदूशी संबंधच नाही का? आहे, पण वाट वेगळी आहे. आतड्याच्या भिंतीत नसांचे जाळे असते आणि पोटातली खबर त्यातून मेंदूपर्यंत जाते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की काही जिवाणूंनी बनवलेले पदार्थ या नसांना चेतवतात, त्यामुळे धावताना मेंदूतले डोपामिन वाढते आणि धावण्याची इच्छा टिकते. मात्र हा प्रयोग उंदरांवरचा आहे, हे विसरू नये.

आपल्या पोटाचा अभ्यास पुण्यातही झाला. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांना भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जिवाणू मुबलक आढळला. धान्य आणि तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांत तो जास्त असतो. म्हणजे आपल्या खान्देशातली कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी हीच त्याची खुराक. मुलांच्या डब्यात कुरकुऱ्यांच्या पाकिटाऐवजी ती हवी, हे मी पालकसभेत नेहमी सांगतो.

पण इथेच थांबायला हवे. आमच्या मोहल्ल्यांत, जळगावात काय नि धुळ्यात काय, उदास मुलीला आधी तावीज बांधतात, मग ‘कामचुकार’ म्हणतात. आता ‘पोट बिघडलंय, दही खाऊ घाला’ हा तिसरा सल्ला आला आहे. दही जरूर द्या. पण मूल आठवड्यामागून आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. दुवा जरूर करा, पण इलाज करून घेणे हीसुद्धा सुन्नतच आहे.