गाडीची बॅटरी : बदलण्याआधी आणि बदलताना



‘काल रात्रीपर्यंत गाडी व्यवस्थित चालत होती आणि आज सकाळी नुसतं टक्-टक् करून गप्प बसली!’ पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ही तक्रार आपल्या उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांमधून ऐकू येते. मग कोपऱ्यावरचा मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो, ‘बाई, बॅटरी गेली. नवी टाकावी लागेल.’ मुलांची शाळा, ह्यांची ऑफिसची वेळ, सगळे डोक्यावर असते. आपण ‘टाका’ म्हणतो आणि घरखर्चातले पाच-सहा हजार रुपये उभ्या उभ्या जातात.

मिक्सर घेताना आपण चार दुकाने हिंडतो, साडी घेताना पदर उलगडून पाहतो. मग त्याहून महाग बॅटरी घेताना ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून बाजूला का व्हावे? त्यातून घरातले कागदपत्र सांभाळण्याचे काम बहुधा आपल्याकडेच असते. आणि बॅटरीच्या बाबतीत अर्धे पैसे कागदातच असतात. म्हणून आज जरा तपशिलात बोलू.

बॅटरी मेली, की नुसती दमली?

आधी हे पाहायचे. गाडीची साधी बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल यांचे सहा कप्पे. प्रत्येक कप्प्याचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी सुरू करताना ती क्षणभरात भरपूर वीज देते. नंतर इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती वीज तिला परत भरून देतो. अगदी आपल्या डब्यांसारखे आहे. काढलेले धान्य परत भरले नाही, तर डबा रिकामा व्हायचाच.

आपल्याकडे नेमके हेच होते. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून व्हीटीला रोज गाडी कोण नेणार? लोकल आहे. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, २०२२-२३ मध्ये दहिसर ते अंधेरीच्या दोन मार्गिका आल्या. गाडी बिचारी सोमवार ते शनिवार बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडीथोडी वीज खातच असतात. रविवारी काढली तरी बाजारापर्यंत दहा मिनिटे. त्यात एसी, वायपर, दिवे चालू. सुरू करताना जेवढी वीज गेली तेवढीही परत भरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच बसल्या होत्या.

अशी दमलेली बॅटरी नीट चार्ज केली, की पुष्कळदा पुन्हा कामाला लागते. मात्र बराच काळ रिकामी राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो आणि मग ती खरोखरच निकामी होते. म्हणून चालढकल नको.

तपासणी सोपी आहे. मेकॅनिककडे मीटर असतोच. त्याला आपल्यासमोर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ दाखवले तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे ठीक, १२.२ किंवा खाली असेल तर निम्मी रिकामी. मग इंजिन सुरू करून पुन्हा पाहा. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो चढतच नसेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तर तीही महिन्याभरात बसेल. पूर्ण चार्ज केल्यावर ‘लोड टेस्ट’ करून मगच बॅटरी गेली की नाही ते ठरते. तोवर ‘टाका’ म्हणू नका.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली दिसते का? कधीकधी सारा दोष तिचाच असतो. आधी टोकांच्या पकडी सुटवून घ्याव्यात. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टोके घासावीत, कोरडी पुसावीत, पकडी घट्ट आवळाव्यात आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाता कामा नये, एवढी काळजी घ्या.

वॉरंटीचे दोन आकडे

आपल्या हवेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. लोकांना वाटते थंडी बॅटरीला मारते. पण तिचे आयुष्य खरे घटते ते उकाड्याने. त्यामुळे वॉरंटी ही नुसती शोभेची गोष्ट नव्हे.

दुकानदार तोंडाने सांगतो, ‘चार वर्षं वॉरंटी आहे.’ कार्डावर मात्र दोन आकडे असतात, जसे २४ + २४ महिने. पहिल्या आकड्याच्या मुदतीत बॅटरीत मूळचा दोष निघाला तर बदलून फुकट मिळते. दुसऱ्या मुदतीत फुकट काही नाही. नव्या बॅटरीवर ठरावीक टक्के सूट मिळते आणि महिने जातील तशी ती कमी होत जाते. यालाच ‘प्रो-राटा’ म्हणतात. घेताना पहिला आकडा किती, हे विचारा. खरी किंमत त्याची.

दुसऱ्या मुदतीतली सूट बहुधा छापील किमतीवर मोजतात. समजा, छापील किंमत ७००० आहे आणि तुम्हाला ३० टक्के सूट मिळणार आहे. म्हणजे ४९०० भरायचे आणि जुनी बॅटरी कंपनीला द्यायची. पण तीच बॅटरी दुकानात ५८०० ला मिळत असेल आणि जुनीचे ९०० वजा होत असतील, तर तिथेही ४९०० च! सूट दिसली म्हणून हरखून जाऊ नका. सूट ५० टक्के असेल तर १४०० रुपये खरेच वाचतात. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडा आणि मगच ठरवा.

आणखी एक. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक कंपन्या जुन्या बॅटरीची उरलेली मुदतच देतात, नव्याने पूर्ण मुदत नाही. सूट घेऊन मिळालेल्या बॅटरीला कोणती मुदत, तेही विचारून कार्डावर लिहून घ्या.

दावा कशामुळे नाकारतात

वॉरंटी असते ती बनवतानाच्या दोषाची. खालच्या कारणांवरून दुकानदार हमखास हात वर करतात :

१. कार्डावर शिक्का, विक्रीची तारीख, बॅटरीचा क्रमांक किंवा गाडीचा नंबर नाही. बॅटरीवरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक दुकानातच ताडून पाहा.

२. बिल नाही. कच्च्या पावतीवर दोनशे रुपये वाचतील, पण पुढे हजारांवर पाणी सोडावे लागेल.

३. बॅटरी नुसती रिकामी झाली आहे. रात्रभर दिवा चालू राहिला, तर तो बॅटरीचा दोष धरत नाहीत. चार्ज करून परत देतात.

४. टोक तुटले, डबा फुटला, लेबल खरवडले किंवा आत भलतेच पाणी घातले.

५. घरच्या गाडीची बॅटरी टॅक्सीला किंवा इन्व्हर्टरला लावली. धंद्याच्या गाडीची मुदत निराळी असते.

नव्या कोऱ्या गाडीतल्या बॅटरीचे कार्ड गाडीच्या पुस्तिकेबरोबरच मिळते. ते शोधून ठेवा. गाडीची वॉरंटी वाढवून घेतली असली तरी त्यात बॅटरी धरली आहे असे गृहीत धरू नका, कागद वाचा.

हल्लीची चकचकीत बिले वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात, हे तुमच्याही लक्षात आले असेल. घेतल्या दिवशीच बिलाची झेरॉक्स काढा, कार्डाचा आणि बॅटरीवरच्या क्रमांकाचा मोबाइलवर फोटो घ्या. कंपनीकडे फोनवरून किंवा ऑनलाइन नोंदणीची सोय असेल तर दुकानातून निघण्याआधी ती उरकून घ्या. मूळ कार्ड गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात गाडीत पाणी शिरले तर तेही जाईल. घरच्या कागदांच्या फाइलीत रेशनकार्डाशेजारी त्याला जागा द्या.

नवी घेताना

गाडीच्या पुस्तिकेत बॅटरीची क्षमता ‘एएच’मध्ये दिलेली असते. त्याहून कमी घेऊ नये. ‘मोठी टाकली की जास्त टिकेल’ हा सरसकट खरा समज नाही. ती ट्रेमध्ये घट्ट बसायला हवी, बॉनेटला टोक लागता कामा नये आणि अधिक-उणे टोके त्याच बाजूंना हवीत. वायरी ओढून-जोडून बसवली तर गाडीच्या वॉरंटीलाच बाधा यायची.

तुमची गाडी सिग्नलला थांबल्यावर आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच किंवा ब्रेक सोडताच सुरू होते का? मग तिला ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ जातीची बॅटरी लागते. ती महाग असते. पण तिथे साधी टाकली तर फार काळ टिकत नाही. इथे काटकसर कामाची नाही.

बॅटरी केव्हा बनवली ते तिच्यावर सांकेतिक आकड्यांत असते. दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा-आठ महिने फडताळात पडून राहिलेली नको. एल.बी.एस. मार्ग असो की एस.व्ही. रोड, दोन-तीन दुकानांत तरी भाव विचारा. भाव विचारताना ‘जुनी देऊन किती आणि न देता किती’ असे दोन्ही आकडे घ्या. गाडी लवकरच विकायची असेल, तर सर्वांत लांब वॉरंटीच्या बॅटरीला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बसवताना जपा

हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तरी टोके साफ करताना किंवा जोडताना हात लावायची वेळ आली, तर आधी बांगड्या, अंगठी, लोंबते मंगळसूत्र काढून ठेवा. धातूची बांगडी दोन टोकांना एकदम टेकली तर क्षणात लालबुंद होते आणि हात भाजतो. काढताना आधी काळी (उणे) वायर काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नये, उदबत्तीसुद्धा नको. नव्या बॅटरीची पूजा करायची तर हळदीकुंकू, फूल पुरे. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा; डोळ्यात गेले तर पाण्याने धूत धूतच डॉक्टर गाठा.

पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, फिल्टरचे, एसीतून ठिबकणारे, यातले काही चालत नाही.

जुनी बॅटरी

दोनशे रुपये जास्त देतो म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यातले शिसे विषारी असते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. उघड्यावर फोडून वितळवले की ते हवेत आणि मातीत जाते. २००१ साली यासाठी नियम झाले, २०२२ साली नवे आले. जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. दुकानदाराला द्या, बिलावर वजावट लिहून घ्या. योग्य कारखान्यात गेली तर तेच शिसे पुन्हा नव्या बॅटरीत येते.

दुकानदार ऐकेनासा झाला तर

दाव्यासाठी बॅटरी ठेवून घेतली, तर तारखेची पावती घ्या आणि तपासणी होईपर्यंत वापरायला दुसरी मागा. नाकारलीच तर कारण लेखी मागा. ‘लिहून द्या’ म्हटल्यावर पुष्कळांचा सूर बदलतो! नाहीच बदलला, तर कंपनीला पत्र किंवा ई-मेल करा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतात आणि आपला जिल्हा ग्राहक आयोग बांद्रा पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. महिन्याच्या वाणसामानाच्या संघांमुळे अनेकींच्या ओळखीची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. तिथेही सल्ला मागता येईल.

आता एक छोटेसे काम सांगते. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला. त्याआधी गाडी सुरू करायला पुढचे हँडल जोर लावून फिरवावे लागे. बॅटरी आली आणि नुसत्या बटणावर गाडी सुरू होऊ लागली, बायकांनाही ती एकटीने बाहेर काढता येऊ लागली. तेव्हा बॅटरी ही काही परक्याची वस्तू नव्हे. ह्या रविवारी अर्धा तास तरी हायवेला गाडी फिरवून आणा; नुसती जागच्या जागी घुरघुरत ठेवून बॅटरी नीट भरत नाही. आणि परत आल्यावर ते कार्ड शोधा. मुदत केव्हा संपते ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहा, आणि तिच्या महिनाभर आधी एकदा बॅटरी तपासून घ्या. दोष असेल तर तो मुदतीतच सापडलेला बरा!