गाडी विका, पण कोऱ्या फॉर्मवर सही करून नको

मंगरूळपीरच्या एका होतकरू उद्योजकाचा प्रश्न आहे. घरी वडिलांची १९९७ ची मारुती एस्टीम आहे. पेट्रोल, एकाच हातातली, प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल फाईलला लावलेलं. ती विकून लाकडी घाण्यासाठी भांडवल उभं करायचंय. डीलर म्हणतो, "भाऊ, एवढ्या जुन्या गाडीला भंगाराचाच भाव." तर देऊन टाकावी का?

माझं मत सरळ आहे: नको. निदान दोन महिने तरी नको. घाण्याचं तेल विकायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या दारातली गाडी विकता आली पाहिजे. यापेक्षा स्वस्तातलं सेल्स ट्रेनिंग कुठे मिळणार?

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक कोण ते ओळखा. मंगरूळपीरच्या चौकात विचाराल तर लोकांना बोलेरो पाहिजे, अर्टिगा पाहिजे. एस्टीम १९९४ ला आली आणि बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. इथल्या शेतकऱ्याला ती कशाला हवी? पण नागपूर-पुण्यात या गाडीवर जीव टाकणारी पोरं आहेत. एके काळी आपल्याकडच्या रॅलींमध्ये एस्टीम जोरात पळायची, आणि १.३ लिटर इंजिनाचं घराणं जिप्सीचंच, त्यामुळे इंजिनाची माहिती असणारा मेकॅनिक अजून सापडतो. तुमचा ग्राहक हा आहे. नागपूरचा माणूस समृद्धीने येतो, शेलूबाजारला उतरतो, तिथून मंगरूळपीर जवळच. डीलर तुम्हाला जो भाव सांगतोय तो गावातल्या ग्राहकाचा आहे.

मात्र जाहिरातीत "व्हिंटेज" लिहू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी. तुमची आहे ती "जुनी, जपलेली फॅमिली कार". तेवढं लिहिलं तरी ज्याला कळायचं त्याला कळतं.

आता किंमत. घरचे म्हणणार, "इंजिनाच्या कामाला चाळीस हजार घातलेत, ते तरी निघाले पाहिजेत." नाही निघत. तुम्ही किती घातले याच्याशी ग्राहकाला देणंघेणं नसतं. पुढच्या वर्षी त्याला किती घालावे लागणार नाहीत, त्याचे तो पैसे देतो. म्हणून ती बिलांची फाईल महत्त्वाची. आणि तोही गणित करूनच येतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते. १९९७ ची गाडी, म्हणजे पुढची पाळी २०२७ ला. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला त्याची फी १०,००० रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. हे तुम्हीच आधी सांगा. आणि कोणी "पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंदच होते" म्हणून भाव पाडायला लागला, तर ती दिल्ली-एनसीआरची गोष्ट आहे, वाशिम जिल्ह्याची नाही, हेही शांतपणे सांगा.

विकायच्या आधी नवा रंग मारू नका. ताजा रंग दिसला की माणूस विचार करतो, खाली काय झाकलंय? धुवा, आतून साफ करा, बॅटरी-टायर बघा, पीयूसी आणि विमा चालू ठेवा, एचएसआरपी पाटी बसवून घ्या. दाराच्या खाली गंज असेल तर त्याचा फोटो पहिल्यांदा टाका. एसी कमी गार करत असेल तर तसं लिहा. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल आणि हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलसाठी रबरी पाइप बदलले असतील, तर त्याचं बिल दाखवा. ग्राहकाने स्वतःचा मेकॅनिक आणला तर चहा पाजा. टेस्ट ड्राइव्हला मात्र लायसन्स बघितल्याशिवाय चावी द्यायची नाही, आणि शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं.

डीलर लुटतो असं माझं म्हणणं नाही हं. समजा तो ६० देतो आणि थेट ग्राहक ८५ देतो. मधले २५ हजार म्हणजे ग्राहक शोधणं, घासाघीस, कागद आणि गाडी पडून राहण्याची जोखीम यांची मजुरी. ती मेहनत तुम्ही करणार असाल तर ती मजुरी तुमची. करायची नसेल तर त्याला द्या, कुरकुर करू नका.

पण कागदाच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकणार नाही. आपल्याकडे पद्धत काय? पैसे मिळाले की फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या ठोकायच्या, आरसी द्यायची, "नावावर करून घेईल तो." तो घेत नाही. तो तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि तुमच्या सहीचे कोरे फॉर्म गाडीच्या डिकीत फिरत राहतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निकाल नेमका यावर आहे. गाडी हातोहात विकली गेली, आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं, २००९ मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी कोर्टाने नोंदणीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली. आता विचार करा: गाडी विकून घाणा घेतला, आणि तीन वर्षांनी त्या गाडीच्या अपघाताची नोटीस वडिलांच्या नावाने घरी आली. घाणा राहील का?

म्हणून फॉर्म पूर्ण भरून, खरेदीदाराचं नाव आणि तारीख टाकूनच सही करायची. विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते त्याच्यावर सोडू नका. जमलं तर दोघांनी मिळून त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज टाका. इथे आपल्या भागातली एक खास मेख आहे. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९९७ ची गाडी अकोल्याची, एमएच-३०. तिचं रेकॉर्ड अकोल्यालाच आहे की वाशिमला, एमएच-३७ च्या कार्यालयाकडे आलंय, ते वाहन पोर्टलवर आधी तपासा. खरेदीदार नागपूरचा असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल. बँकेचा जुना बोजा कागदावर तसाच असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. हे ग्राहक दारात आल्यावर कळलं तर तो परत जातो.

ताबा देताना पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, कारण त्या संध्याकाळचं चलनसुद्धा कुणाचं हे त्या वेळेवर ठरतं. फास्टॅग बंद करा. लोक हमखास विसरतात आणि टोल आपल्या खात्यातून कटत राहतो.

वेळ म्हणाल तर दसरा-दिवाळी. सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि पितृपक्ष संपलेला असतो. पैसे बँकेतून घ्या. दोन लाखांची रोख तुमची एस्टीम गाठणार नाही, पण मोठ्या गाडीवाल्यांनी रोखीवरची आयकराची मर्यादा लक्षात ठेवावी. घरच्या वापराची गाडी घरच्या माणसाने विकली तर त्यावर जीएसटी नाही, कॅपिटल गेनही नाही. फर्मच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी, सीएला विचारा.

आणि ही एक डील केल्यावर कुणाला जुन्या गाड्यांचाच धंदा करावासा वाटला, तर १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी आरटीओकडे अधिकृत डीलर म्हणून नोंद लागते, आणि मार्जिनवर १८ टक्के जीएसटी. त्याचं गणित पुढच्या व्हिडिओत मांडतो.