‘वय झालं’ हे निदान नव्हे

साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांना आकडे मान्य नसतात. भारतभरच्या पाहणीवरून 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणांना तो नाही. मग उरलेल्यांचं विसरणं वयाच्या खात्यावर का मांडायचं?

यावर घरोघरी ठरलेलं उत्तर येतं, ‘‘अहो, बाबांना पासष्टचं युद्ध तारीखवार आठवतं, त्यांना कसला आलाय स्मृतिभ्रंश!’’ हा युक्तिवाद चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत सत्तरच्या दशकातच निकालात निघाला. द्वारका पर्शाद आणि नरेंद्रनाथ विग यांनी तिथे आपल्याकडच्या माणसांसाठी स्मरणचाचणी बांधली, तिचे भाग दहा. जुनं स्मरण वेगळं, ताजं वेगळं. ऐकलेलं लगेच सांगणं वेगळं, जरा वेळाने सांगणं वेगळं. अल्झायमरमध्ये बहुधा ताजं आधी जातं, जुनं पुष्कळ दिवस टिकतं. तेव्हा युद्धकथा रंगवून सांगणारे बाबा सकाळचा नाश्ता विसरत असतील, तर युद्धकथा हा निर्दोषत्वाचा दाखला होत नाही.

दुसरी सबब खास चंडीगडची: सगळे सेक्टर, सगळे चौक सारखेच दिसतात, माणूस चुकणारच. पाहुणा चुकेल, कबूल. पण तीस वर्षं त्याच बाजारातून भाजी आणणारा घरची वाट चुकला, तर दोष शहर आखणाऱ्या ल कोर्बुझिएचा नाही. तुलना करायची ती त्या माणसाच्या पूर्वीच्या वागण्याशी. चष्मा हरवणं किरकोळ. दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा, पेन्शनचा हिशेब अडणं, शांत माणूस अचानक संशयी होणं, हे किरकोळ नाही.

‘कळून उपयोग काय, औषध थोडंच आहे?’ सर्वांत घातक आक्षेप हाच. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही असंच विसरायला होतं, आणि त्यांवर उपचार आहेत. लॅन्सेटच्या 2024च्या अहवालाने 14 धोके मोजले. ते आवरले तर जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्याचा हिशेब. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं त्यातलेच. (आपण मात्र बदाम भिजत घालतो आणि कानाच्या यंत्राला लाजतो.) शिवाय मृत्युपत्र करायला कायद्याने शुद्ध बुद्धी लागते. बँकेत कोणाचं नाव घालायचं, पुढे कोणाजवळ राहायचं, हे बाबांना विचारायचं असेल तर ते सांगू शकतात तोवरच विचारायला हवं.