मिलोची भाकरी

आमच्या घरी रात्रीच्या पंक्तीस अजून तीन पिढ्या एकत्र बसतात, आणि पंक्तीत निघालेल्या प्रश्नाचा निकाल लागल्यावाचून पानावरून सहसा कोणी उठत नाही. परवा आमच्या धाकट्या नातवाने असाच एक प्रश्न टाकला. आपल्या सरकारने अफगाणिस्तानास ५० हजार टन गहू देऊ केला होता, असे त्याने कोठेसे वाचले होते. "आजोबा, आपण जर दुसऱ्यांना गहू देतो, तर तुम्हांला लहानपणी परदेशचा मिलो का खावा लागला?" सूनबाई हसल्या. आम्हांस मात्र हसू आले नाही.

ज्यांच्या घरी १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारे कोणी आहे, त्यांस मिलो म्हणजे काय हे सांगावयास नको. ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. रेशनच्या दुकानात मिळे. आमचे तारापूर म्हणजे भाताचा मुलूख, आणि मातोश्रींचा हात तांदळाच्या भाकरीस सरावलेला. मिलोच्या पिठास विरी म्हणून नसे; थापता थापता भाकरीच्या कडा फाटत आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे होत. वडील म्हणत, अन्नास नावे ठेवू नयेत. परंतु त्या दिवसांत ते पानावर बसले म्हणजे एक शब्दही बोलत नसत, हे आम्हां मुलांच्या ध्यानात आले होते. त्या मौनाचा अर्थ कळावयास आम्हांस पुढे पुष्कळ वर्षे लागली.

स्वातंत्र्य मिळून चार वर्षे होतात न होतात तोच, १९५१ साली, आपल्या सरकारास अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरांचे कर्ज काढून सुमारे २० लाख टन धान्य आणावे लागले. पुढे १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'पब्लिक लॉ ४८०' या अमेरिकी कायद्याखाली पहिला करार झाला. त्यांच्याकडे कोठारे तुंबली होती आणि आपल्याकडे डॉलर नव्हते. तेव्हा गहू त्यांनी द्यावा, किंमत आपण रुपयांत भरावी, ते रुपये त्यांच्या खाती हिंदुस्थानातच राहावेत, आणि त्यांतील मोठा भाग त्यांनी आपल्याच विकासकामांस कर्जाऊ अथवा देणगीदाखल परत द्यावा, अशी ही योजना. हे रुपये इतके साचले की, १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश आपल्या सरकारास लिहून दिला! (गाजरगवतही याच गव्हातून आले असे लोक छातीठोक सांगतात. परंतु पुण्यातील त्याची नोंद प्रसिद्ध झाली तीच मुळी १९५६ साली. तेव्हा निदान या कराराच्या माथी तो दोष मारणे कठीण दिसते.)

व्यवस्था उभयपक्षी सोयीची होती खरी, पण सोयीची सवय जडते. स्वस्त गहू बंदरात उतरत असता आपल्या राज्यकर्त्यांचे शेतीकडे दुर्लक्ष झाले, हा आरोप अगदीच निराधार नव्हे. तशात १९६५ साली पाऊस रुसला. आदल्या साली ८.९ कोटी टन पिकलेले धान्य ७.२ कोटी टनांवर आले, आणि १९६६ या एका वर्षात एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. नेमक्या त्याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता महिन्या-महिन्याचा गहू सोडण्यास आरंभ केला. शेतीचे धोरण सुधारा, ही त्यांची एक अट. व्हिएतनामच्या युद्धावर आपण केलेली टीका हा त्यांचा दुसरा राग. जहाज आले तर शिधा, न आले तर उपवास, अशी गत झाली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोबदल्यावर डोळा ठेवून आणि मनाला पीळ देत दिलेले ते राजस. अमेरिकेचा गहू या सदरात पडतो, असे आम्हांस वाटते. तथापि त्यास तामस म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ती जहाजे आली नसती तर १९६६-६७ साली बिहारात काय अनर्थ ओढवला असता, याची कल्पनाही करवत नाही.

परंतु घेणाऱ्याचाही काही धर्म असतो, आणि तो त्या काळी पाळला गेला. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम् यांनी पुष्कळांचा विरोध पत्करून १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणविले. अन्न महामंडळ व शेतमालाच्या भावांचा आयोग ही त्याच्या आदल्याच वर्षाची. १९६८ च्या सुगीत उत्तरेकडे गहू साठविण्यास जागा पुरेना, तेव्हा शाळा बंद ठेवून वर्गांत पोती रचली. शाळामास्तराच्या जन्मास येऊनही या सुटीबद्दल आमची तक्रार नाही! १९७१ अखेर आपण सवलतीचा गहू घेणे थांबविले. पुढल्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि परदेशी धान्य पुन्हा ताटात आले, ही गोष्ट निराळी.

तीच दोरी आम्हां तारापूरकरांनी आणखी एकदा जवळून पाहिली. येथील अणुवीज केंद्र १९६३ च्या करारान्वये अमेरिकेच्या कर्जाने व यंत्रसामग्रीने उभे राहून १९६९ साली चालू झाले. युरेनियमही त्यांनीच पुरवावयाचे होते. १९७४ च्या पोखरण-स्फोटानंतर त्यांचा हात आखडला, आणि अखेर १९८२ साली फ्रान्सचे दार ठोठवावे लागले. २००५-०६ साली त्याच आवारात देशी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्या वडिलांची आम्हांस आठवण झाली.

आता नातवाच्या अफगाणिस्तानाकडे वळू. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेथे तालिबानांचा अंमल बसला. त्या राजवटीस आपण तेव्हा मान्यता दिलेली नव्हती. पण लेकरांच्या भुकेस राजवटीची मान्यता लागत नाही. पाकिस्तानातून वाट मिळण्यातच काही महिने गेले. अखेर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अटारीच्या नाक्यावरून २,५०० टनांचा पहिला हप्ता निघाला, तो जलालाबादेस जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हवाली करण्यासाठी. ज्या सरकारशी व्यवहार करणे अवघड, त्याच्या प्रजेस त्रयस्थाच्या हातून अन्न पोचविणे हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

नातवाचे समाधान झाले; आमचे झाले नाही. कारण १९९२-९३ साली, म्हणजे देशाची कोठारे भरू लागल्यास वीस-पंचवीस वर्षे झाल्यावर, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे आदिवासी बालके कुपोषणाने दगावली. तो भाग आज आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. तेथे कोणा जॉन्सनने जहाज अडविले नव्हते. पुढे २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, २०१५ साली आदिवासी गरोदर व स्तनदा मातांना गरम जेवण देणारी अमृत आहार योजना निघाली. आमच्या वाचकांपैकी कोणी जव्हार-मोखाड्याकडे शाळेत वा अंगणवाडीत काम करीत असतील, तर कोठीतले धान्य पानावर पोचेपर्यंत वाटेत कोठे अडते, हे त्यांनी आम्हांस अवश्य लिहून कळवावे. ती पत्रे आम्ही याच सदरात देऊ.