विषय : बटणांच्या फोनवरील फक्त कॉल-एसएमएस रिचार्जचे दर कमी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

या प्रश्नावर संबंधित कार्यालयांना वारंवार पत्रे दिली. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे निवेदन थेट आपल्याकडे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरकाम करणाऱ्या बायका, नाक्यावरचे मजूर आणि पेन्शनवर जगणारे वृद्ध यांच्यापैकी अनेकांच्या हातात आजही टू-जीचा बटणांचा फोन आहे. त्यांना नेट नको. कॉल आणि बँकेचा ओटीपी आला की पुरे. त्यांच्यासाठी वेगळे रिचार्ज काढण्याचा आदेश आपण 23 डिसेंबर 2024 रोजी दिलात, तेव्हा आम्हांला खरोखर हायसे वाटले होते. पुढे काय झाले? जिओचा 84 दिवसांचा 6 जीबी डेटासह 479 रुपयांचा प्लॅन गेला आणि डेटाविना 458 चा आला. एअरटेलचा 509 चा गेला, 499 चा आला. या दरांची तपासणी करू, असे जानेवारी 2025 मध्ये आपण जाहीर केलेत. त्या सुमारास दर अनुक्रमे 448 आणि 469 झाले, आणि तिथेच अडले. तपासणीचे एवढेच फलित आम्ही समजायचे का?

त्यातही 448 चा रिचार्ज या लोकांच्या उपयोगाचा नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. नंबर पोर्ट होतो, फोन होत नाही. उलट जिओच्याच फोर-जी जिओभारत फोनवर 28 दिवसांना 123, म्हणजे 84 दिवसांना 369 रुपये पडतात, तेही डेटासह. मात्र त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. डेटा देऊन 369 परवडतात, तर डेटा न घेणाऱ्याने एअरटेलला 100 रुपये जास्त कशाचे भरायचे? हा प्रश्न आम्ही आधीच्या प्रत्येक पत्रात विचारला आहे.

स्पर्धा असली की दर उतरतात, हे आधी दिसले आहे. 1995 मध्ये मुंबईत मोबाइलवर बोलायला मिनिटाला 16 रुपयांच्या घरात खर्च येई. 2002 अखेर रिलायन्स सीडीएमए घेऊन उतरली, पुढच्या वर्षी 501 रुपये भरून हँडसेट मिळू लागला, इनकमिंगही फुकट झाले. सीडीएमएचा फोनही कंपनीला बांधलेलाच होता. तरी जीएसएमवाल्यांना दर उतरवावे लागले, कारण दोन्ही तंत्रे एकाच गिऱ्हाइकामागे होती. आज टू-जीच्या गिऱ्हाइकामागे कोणी नाही.

म्हणून टू-जी फोनसाठी कॉल-एसएमएसचा 84 दिवसांचा दर 369 च्या खाली आणावा. ते शक्य नसल्यास कंपन्यांकडून खर्चाचा हिशेब घेऊन जाहीर करावा. जानेवारी 2025 च्या तपासणीचा अहवाल आम्हांला द्यावा. एका कंपनीला बांधलेले हँडसेट ठरावीक मुदतीनंतर खुले करावेत. रिचार्जच्या दुकानांत दरपत्रक मराठीत लावावे.

लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. केवळ पोच नको.

आपले,
ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील मोबाइल ग्राहक