साठ दिवस, शनिवार-रविवार धरून

शेजारच्या काकू परवा दळणाचा डबा घेऊन जाताना दारातच थांबल्या. "धाकट्याचं काम सुटलं हो अमेरिकेत," म्हणाल्या. आमच्या ओट्यावर बसलेल्या एकाने लगेच सांगून टाकलं, "त्यात काय एवढं, दुसरं बघायचं." ते वाक्य मला तेव्हापासून टोचतंय.

तो तिकडे एच-वन-बी व्हिसावर आहे, आणि हा व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, तेही शनिवार-रविवार धरून. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरायचा, नाहीतर दुसऱ्या व्हिसाची खटपट करायची, नाहीतर निघायचं. जानेवारी २०१७ पर्यंत एवढी मुदतसुद्धा नियमात नव्हती. व्हिसाची मुदत संपण्याआधी कामावरून काढलं तर परतीचं भाडं मालकाने द्यावं असा कायदा आहे, पण ते एकट्या कामगाराचं. बायकापोरांचं ज्याचं त्याने.

आमच्या श्रीपूरसारख्या कारखान्याच्या गावाला हे कळायला हवं. हंगामी कामगार ऑफ सीझनला घरी बसतो तेव्हा त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो, आणि मोळी टाकायची वेळ आली की बोलावणं येतं. त्या पोराला पुढच्या हंगामाचा शब्द कुणी दिलेला नाही.

माझे मामा दुसऱ्या एका साखर कारखान्यात फिटर होते. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात मामींनी लावलेला शेवगा. मामा निवृत्त झाले तेव्हा तो शेंगांनी लगडला होता. मामींनी शेंगा उतरवून सगळ्या लाइनीत वाटल्या, पण भांडी बांधायला त्यांचा हात उठेना. निवृत्तीची तारीख त्यांना कितीतरी वर्षं आधी ठाऊक होती. गावही तेच, माणसंही तीच. फक्त किल्ली परत करायची होती. तरी ती बाई त्या रात्री जेवली नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, अजून विसरलेले नाही.

काकूंची नात पाच वर्षांची आहे. जन्म तिकडचा, म्हणून ती अमेरिकेची नागरिक. तिला कुणी जा म्हणणार नाही. आईबापांना म्हणतील.

काकूंना "कधी येतोय?" असं विचारू नका. कुणाची मुलं तिकडच्या कंपन्यांत असतील तर काकूंच्या मुलाची माहिती पाठवते, पुढे द्या. आज एकोणिसावा दिवस आहे.